नवशिक्याची शिकार : 'ओडिसी'च्या एकोणिसाव्या सर्गातील रानडुकराचा प्रसंग

होमरच्या 'ओडिसी'च्या एकोणिसाव्या सर्गात वीस वर्षांनी घरी परतलेला ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात बसला आहे. पेनेलोपीच्या आज्ञेवरून वृद्ध दाई युरिक्लिया त्याचे पाय धुते, आणि गुडघ्याच्या वरच्या अंगाचा जुना व्रण हाताला लागताच त्याला ओळखते. त्याच क्षणी कवी कथा थांबवतो आणि सुमारे ७५ ओळी या व्रणाच्या उगमाला देतो. तरुण ओडिसियस आजोळी गेला असता तेथे रानडुकराची शिकार झाली, ती ही हकीकत. पाश्चात्त्य समीक्षेत या ओळी बहुचर्चित आहेत. मात्र चर्चा बव्हंशी आडकथेच्या स्थानाविषयी आहे. शिकार कशी झाली, आणि ती करणारा त्या विद्येत कोठवर आला होता, हा प्रश्न दुय्यम राहिला. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न मध्यवर्ती मानला आहे. या कथेत नवशिक्याची एक निश्चित चूक आहे, आणि ती ओळखल्याखेरीज पुढल्या ओडिसियसचे आकलन अपुरे राहते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आधुनिक चर्चेला वळण दिले ते एरिख आउअरबाख यांनी. नाझी राजवटीत प्राध्यापकी गमावून इस्तंबूलला गेलेल्या या जर्मन विद्वानाने 'मिमेसिस' हा ग्रंथ तेथेच लिहिला. तो १९४६ साली बर्न येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात या व्रणाची तुलना बायबलमधील अब्राहामाच्या पुत्रबलीच्या कथेशी केलेली आहे. आउअरबाख यांच्या मते होमरपाशी केवळ अग्रभाग आहे. सारे काही सारख्याच प्रकाशात उजळलेले असते, मागे काही दडलेले नसते. आडकथाही उत्कंठा वाढविण्यासाठी नसून ती सैल करण्यासाठी आहे. हे विधान मोहक आहे, आणि वर्गात शिकवावयास सोयीचेही. प्रसंगाकडे जरा शिकाऱ्याच्या नजरेने पाहिले की मात्र ते डळमळू लागते.

प्रसंग असा. ओडिसियसचा आईकडील आजोबा ऑटोलिकस. चोरी आणि शपथेची चलाखी यांत सर्वश्रेष्ठ अशी त्याची ख्याती. नातवाचे नाव त्यानेच ठेवलेले आणि थोर झाल्यावर पर्नासस पर्वताच्या परिसरातील आजोळी यावे, भेटी देईन, असे वचनही त्यानेच दिलेले. ते घेण्यासाठी नातू येतो. आजी अँफिथिया त्याचे मस्तक व डोळे चुंबते, पाच वर्षांचा बैल कापला जातो, दिवसभर मेजवानी चालते. पहाटे मामांसह सर्व जण पर्वतावर चढतात. पुढे माग काढणारी कुत्री, मागे मामा. आणि त्या मंडळीतला ओडिसियस कुत्र्यांच्या अगदी निकट, लांब भाला परजीत. दाट जाळीत एक प्रचंड डुक्कर आहे. पावलांचा धपधप आवाज ऐकून ते आयाळ ताठ करून, डोळ्यांत आग घेऊन बाहेर येते व समोर उभे ठाकते. सर्वांच्या आधी ओडिसियस धावतो, बळकट हाताने भाला उंच उगारून. डुक्कर त्याच्याही आधी धडकते, तिरके येऊन सुळ्याने मांडीचे मांस ओरबाडते. हाडापर्यंत मात्र सुळा पोचत नाही. ओडिसियसचा भाला डुकराच्या उजव्या खांद्यातून आरपार जातो. मामा जखम कुशलतेने बांधतात, मंत्राने रक्त थांबवतात, आणि तो बरा झाल्यावर भेटी देऊन त्याला इथाकेला पाठवतात.

आता यासमोर झेनोफनचा ग्रंथ ठेवून पाहावा. इ. स. पू. चौथ्या शतकातील हा अथेनियन सेनानी. शिकारीवरील लहानसा ग्रंथ त्याच्या नावावर आहे (कर्तृत्वाविषयी काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे, ती येथे बाजूस ठेवू). त्याचे दहावे प्रकरण सर्वस्वी रानडुकरासाठी असून नवशिक्याला हाताशी धरून शिकविल्यासारखे आहे. कुत्री वाटेल ती चालत नाहीत. जाळी, फेकण्याचे भाले आणि हातातले भाले अशी सामग्री लागते. हातातल्या भाल्याला पात्याखाली धातूचे जाड दात हवेत, कारण ते नसतील तर भोसकलेले डुक्कर दांडीवरून तसेच पुढे सरकत धरणाऱ्यापर्यंत येते. शिकारी एकटा नसावा. उभे राहताना डावा हात पुढे, उजवा मागे, डाव्या हातामागे डावा पाय. पायांतील अंतर कुस्तीतल्या पवित्र्याहून फार नसावे. नजर जनावराच्या डोळ्यांवर, लक्ष त्याच्या डोक्याच्या हालचालीवर, कारण एका हिसड्यात ते भाला उडवते. भाला उडालाच तर पालथे पडून झुडुपे घट्ट धरावीत. सुळे वर वळलेले असल्याने जमिनीलगतच्या देहाखाली ते शिरत नाहीत. मग सोबत्याने डुकराला डिवचून आपल्याकडे वळवावे, पण भाला फेकू नये. तो पडलेल्यालाच लागावयाचा. (हिरोडोटसने सांगितलेली क्रीससच्या मुलाची कथा आठवावी. डुकरावर फेकलेल्या भाल्यानेच त्याचा अंत झाला.) मृगयेची स्तुती आपल्याला अपरिचित नाही. 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात सेनापती ती करतोच. पण तेथे तिचे लाभ सांगितले आहेत, पाय कोठे ठेवावा हे नाही. झेनोफन पाय कोठे ठेवावा हे सांगतो.

या कसोटीला लावले असता होमरचा तरुण जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर चुकतो. मामा मागे असताना तो कुत्र्यांना लगटून चालतो. डुकराची धडक स्थिर पवित्र्यात घेण्याऐवजी स्वतःच धावतो. भाला पुढे रोखण्याऐवजी वर उगारतो, आणि उगारलेल्या हाताखाली मांडी उघडी पडते. व्रण नेमका तेथेच आहे. हे कवीला ठाऊक नव्हते असे मानणे कठीण, कारण कोण आधी धावला आणि कोणी कोणाला आधी गाठले याची नोंद त्याने काटेकोरपणे केली आहे. त्यावर भाष्य मात्र एका शब्दाचेही नाही. आउअरबाख ज्याला सर्वत्र सारखा प्रकाश म्हणतात, त्यात ही चूक उघड्यावर पडलेली असूनही शिकार न जाणणाऱ्या वाचकास ती दिसत नाही. होमरची पार्श्वभूमी असेल तर ती अशा ठिकाणी आहे.

झेनोफनने पहिल्या प्रकरणात कायरॉनकडे शिकार शिकलेल्या वीरांची नावे दिली आहेत आणि त्यांत ओडिसियसही आहे. होमर त्याला असा गुरू देत नाही. पर्नाससवर त्याला कोणी काही सांगितल्याचे काव्यात नाही.

या प्रसंगाचे दुसरे प्रचलित वाचन म्हणजे दीक्षाविधी : मुलगा आजोळी जातो, जनावर मारतो, पुरुष होऊन परततो. त्याला आधार आहे. अथेनियसने नोंदविलेल्या मॅसिडोनियन प्रथेनुसार जाळ्यावाचून रानडुक्कर मारल्याशिवाय भोजनसमयी आसनावर रेलण्याचा मान मिळत नसे. कॅसँडर शूर शिकारी असूनही पस्तिशीतही वडिलांशेजारी बसूनच जेवत असे. परंतु हे वाचन फारच गुळगुळीत आहे. विधीला यश पुरते. येथे यशाइतकीच जखम महत्त्वाची, आणि जनावर मेले म्हणून मारण्याची रीत बरोबर ठरत नाही.

अधिक बोलकी आहे ती एक पुनरुक्ती. डुकराच्या जाळीचे वर्णन करताना कवी म्हणतो की तिच्यातून ओले वारे शिरत नसत, सूर्यकिरण पोचत नसत, पाऊस झिरपत नसे. खाली पानांचा खच होता. जवळजवळ याच ओळी पाचव्या सर्गात येऊन गेल्या आहेत. तेथे समुद्राने किनाऱ्यावर टाकलेला, थकलेला ओडिसियस दोन झुडुपांच्या गुंत्यात शिरतो आणि पाने अंगावर ओढून निजतो. मिल्मन पॅरी यांच्या संशोधनानंतर अशा पुनरुक्तीवर फार भार टाकू नये, ती मौखिक रचनेची सवय आहे, हे मान्य करावे लागते. तरीही दाट जाळीची ही ठरीव शब्दयोजना एकदा डुकरासाठी आणि एकदा त्याच्या शिकाऱ्यासाठी वापरली गेली, हे उरतेच. शिकारी आता जाळीच्या आतल्या बाजूस आहे.

आतल्या बाजूस असणे म्हणजे थांबणे. विसाव्या सर्गात दासींचे वर्तन पाहून त्याचे काळीज पिलांचे रक्षण करणाऱ्या कुत्रीसारखे गुरगुरते, आणि तो छातीवर आघात करून त्याला आवरतो. पर्नाससवर कुत्र्यांना लगटून धावणारा तो हाच. मात्र हा बदल पूर्ण झाला असे समजणे घाईचे होईल. व्रण ओळखला जाताच त्याचा उजवा हात म्हाताऱ्या दाईच्या गळ्याशी जातो. बोललीस तर गय करणार नाही, असे तो तिला बजावतो. पहिली उसळी अजून शरीरात आहे.

आइरीन डी यंग यांनी १९८५ सालच्या निबंधात असे मांडले की ही आडकथा युरिक्लियाच्या मनात जागलेली आठवण म्हणून वाचावी. हे मान्य केले तर एक प्रश्न उद्भवतो : दाई पर्नाससवर नव्हती, कोण आधी धावला हे तिला कसे कळले? उत्तर आडकथेच्या शेवटच्या ओळींत आहे. तरुण घरी परतला तेव्हा आईवडिलांनी त्याला सारे विचारले, व्रण कसा झाला तेही, आणि त्याने ते नीट सांगितले. म्हणजे भाला उगारून आपण आधी धावलो आणि डुकराने आपल्याला आधी गाठले, हे त्या घराला ठाऊक झाले ते त्याच्याच तोंडून.