गोटमारीची कथा आणि तिचा लहान श्रोता

पांढुर्ण्याच्या गोटमारीविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यात दगडांचा हिशेब पुष्कळ आहे. कथेची चिकित्सा क्वचितच. दरसाल शेकडो जखमी होतात, नदीकाठी वैद्यकीय पथके बसतात, प्रशासनाने दगडांऐवजी चेंडू देऊन पाहिले तरी लोकांनी दगडच उचलले, हे वृत्तपत्रांतून वाचावयास मिळते. पण जाम नदीच्या पात्रात हात उचलला जाण्यापूर्वी एक कथा सांगितली गेलेली असते, आणि ती आपल्याच घरांत, आपल्याच मराठीत, लहान मुलांना सांगितली जाते. प्रस्तुत लेखात आम्हांस त्या कथेकडे वाङ्मय म्हणून पाहावयाचे आहे.

कथा सर्वांस ठाऊक आहे. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीस घेऊन नदी ओलांडू लागला आणि मध्यधारेत असताना त्यांच्यावर दगड येऊ लागले. येथून पुढे पाठभेद सुरू होतात. एका पाठात दोघेही तेथेच प्राण सोडतात, दोन्ही गावे ओशाळतात व त्यांचे देह चंडीमातेच्या मंदिरात नेतात. दुसऱ्या पाठात पांढुर्णेकर मदतीस धावून येतात आणि उलट दगड फेकतात. (भोसल्यांच्या सैनिकांच्या सरावाची आख्यायिकाही कोणी सांगतात, तिचा विचार येथे केलेला नाही.) पहिला पाठ पश्चात्तापाचा, दुसरा पराक्रमाचा. आम्ही पांढुर्ण्याच्या काठावर वाढलो, तेव्हा आमच्या वाट्याला दुसराच आला. पहिला ऐकला तो मिसरूड फुटल्यावर, आणि तोवर आमच्या उजव्या भुवईवर खूण उमटून गेली होती.

आश्चर्य असे की दोन्ही पाठांत मुलीस नाव नाही, वय नाही, तोंडी एक वाक्यही नाही. उत्सवात तर तिचे झाड होते. सावरगावकर पळस आणून पात्रात रोवतात, त्यास झेंडा बांधतात. एका बाजूने तो राखावयाचा, दुसऱ्या बाजूने तोडावयाचा. जुन्या काळची लग्नाची वये ध्यानी घेतली, तर ही नवरी आजच्या अर्थाने बालिकाच असण्याचा संभव मोठा. कथेच्या निवेदनास तिचे वय सांगावेसे वाटले नाही, ही आमच्या मते या कथेतील सर्वांत मोठी उणीव होय.

बालिका म्हणजे कोण, याचे उत्तर जगाने अलीकडे दिले. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने बालहक्कांचा करार संमत केला. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. सामान्यतः अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्यात बालक मानली आहे. त्याच्या चोविसाव्या कलमात मुलांच्या आरोग्यास घातक अशा पारंपरिक प्रथा नष्ट करण्याचे बंधन शासनांवर घातले आहे, तर एकतिसावे कलम मुलास खेळण्याचा व सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क देते. परंपरेचे कैवारी एकतिसावे पुढे करतील, हे आम्ही जाणतो. महाराष्ट्रात दहीहंडीच्या वेळी हाच वाद झाला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना थरांत घेण्यास मनाई केली. पुढे २०१७ मध्ये ती मर्यादा चौदावर आली. वयाच्या आकड्यावर मतभेद होवोत, परंतु हंडी बुडाली नाही. केवळ काही मुले थरावरून खाली उतरली.

‘आमची मुले कुठे दगड मारतात? ती तर काठावर असतात,’ असे आम्हांस अनेकदा ऐकविले गेले. काठावर आम्हीही होतो. आमचे काम गोटे गोळा करून मोठ्यांच्या हाती देण्याचे. भुवईवरचा घाव काठावरचाच आहे. आईस आम्ही पायरीवरून पडल्याचे सांगितले, आणि तिने विश्वास ठेवल्याचे दाखविले.

पोळ्याच्या ज्या दुसऱ्या दिवशी येथे हे चालते, त्याच दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. मुले चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा मागतात. आपल्यापैकी अनेक घराणी त्याच मुलखातून इकडे आली. येताना बैल आणले. ते पुष्कळ घरांत अजून फळीवर आहेत. २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याची ओळख कोणती यावर बरेच बोलणे झाले. फळीवरच्या त्या बैलांची कोणास आठवण झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

गेल्या पोळ्याला आम्ही नातवास प्रथमच पहिला पाठ सांगितला, दोघेही मरतात तो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘आबाजी, मंग तिच्या मायनंबी गोटा मारला का?’’

आम्ही दोन्ही पाठ पुन्हा मनाशी चाळले. मायचा उल्लेख कोठेच सापडला नाही.