लेहरा धरणारा यजमान

जॅझचं वेड लागलेल्या माणसाचं नुसत्या ऐकण्यानं भागत नाही. त्याला रेकॉर्डच्या कव्हरची मागची बाजूही लागते. बास कोणाचा, ड्रमवर कोण, हे पाठ झाल्याशिवाय आम्हां लोकांना अन्न गोड लागत नाही. वाण्याचं बिल किती झालं ते मला सांगता येणार नाही; पण १९५९ सालच्या डेव्ह ब्रूबेकच्या ‘टाइम आउट’मध्ये बासवर यूजीन राइट होता, हे झोपेतून उठवून विचारा!

यातल्या ‘टेक फाइव्ह’चा आमच्या मंडळींत भारी गवगवा. का, तर पाच मात्रांचं! बहुतेक जॅझ चारात चालतो, हे पाचात चालतं. आता झपतालावर पोसलेल्या कानाला पाचाचं काय कौतुक? झपताल दोन-तीन, दोन-तीन जातो. हे तीन-दोन, तीन-दोन. एवढ्यासाठी टेबलावर बोटं आपटत मात्रा मोजणारे रसिक मला पंगतीत जिलब्या मोजणाऱ्यांसारखे वाटतात.

खरी मौज निराळीच आहे, आणि ती आमच्या हिनं पकडली. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अहो, हा मागचा पेटीवाला मघापासून तेच ते वाजवतोय. पुढचं शिकवलं नाही वाटतं त्याला?"

पेटीवाला म्हणजे साक्षात ब्रूबेक, पियानोवर! एरवी हा गृहस्थ पियानो वाजवतोय की कपाट सरकवतोय असा प्रश्न पडावा, इतका हात जड. इथे मात्र चाल पॉल डेस्मंडची, सॅक्सोफोन त्याचा (वाळ्याच्या पाण्यासारखा गार), आणि चौकडी ज्याच्या नावाची तो मधलं एक वळण सोडलं तर एकच तुकडा घोळवत बसतो. पुढे जो मोरेलोच्या ड्रमची पाळी येते. अशा वेळी जॅझमधले बाकीचे वादक बहुधा वाद्यं खाली ठेवून घाम पुसतात. इथे पियानो चालूच! आपल्याकडे तबल्याच्या एकलवादनात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरतात ना, थेट तसा. लेहरा धरणाऱ्याचं नाव कुणी पत्रिकेत शोधत नाही. इथे खुद्द यजमानच लेहरा धरून बसलेला!

१९५८ साली ब्रूबेक मुंबईत उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर वाजवून गेला होता. तेव्हा लेहरा त्यानं इथूनच नेला, अशी बढाई आमचे एक स्नेही मारतात. मला ती पटत नाही. याच रेकॉर्डमधल्या ‘ब्लू रोंडो’तल्या नऊ मात्रा इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून घेतल्याचं त्यानं स्वतःच सांगितलं आहे. उसनं आणलेलं कबूल करणारा माणूस हा. आपलंही कबूल केलं असतं.

तो ‘ब्लू रोंडो’ मला तितकासा रुचत नाही. नऊ मात्रांचा थाट मांडून गडी मध्येच साध्या चारावर येतो; म्हणजे मांडव लग्नाचा आणि जेवण पिठलं-भात. पिठलं चविष्ट आहे, नाही असं नाही! पण मोरेलोकडे बघा. त्याला घाई नाही. दोन ठोके देतो, थांबतो, आणि त्या रिकाम्या जागेत मागचा पियानो ऐकू येतो. रेकॉर्डवर सुई ठेवताना मी त्या जागेसाठीच कान टवकारून बसतो.