'अर्धस्वयंचलित' पिस्तूल : संज्ञा आणि यंत्ररचना

यंत्राचे नाव हे त्या यंत्राचे संक्षिप्त वर्णन असते. ते सदोष असेल तर यंत्राच्या सुधारणेचा विचारही भरकटतो. 'अर्धस्वयंचलित पिस्तूल' ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

ब्राउनिंगने रचलेले व १९११ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले कोल्ट पिस्तूल घेऊ. गोळी सुटताच नळी आणि तिच्यावरील स्लाइड परस्परांत अडकलेल्या स्थितीत किंचित मागे सरकतात. दाब उतरल्यावर नळीची मागील बाजू खाली झुकून मोकळी होते. स्लाइड एकटीच मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकते व घोडा चढविते. स्प्रिंगच्या जोराने परतताना ती नवे काडतूस नळीत सारते. पुढची गोळी झाडण्यासाठी मात्र चाप सोडून पुन्हा ओढावाच लागतो. म्हणजे भरण्याची क्रिया सर्वस्वी स्वयंचलित, झाडण्याची मुळीच नव्हे. 'अर्ध' या उपपदाने प्रमाण सूचित होते; वस्तुतः भेद दोन क्रियांमधला आहे. इंग्रजीतील 'सेल्फ-लोडिंग' ही संज्ञा म्हणूनच अधिक यथार्थ होय. मराठीत 'स्वयंभरणी' म्हणणे इष्ट ठरेल.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले, हा घातक समज 'भरणे' ही केवळ माणसाची क्रिया मानल्यामुळे बळावतो. यंत्राने आधीच एक काडतूस नळीत सारून ठेवलेले असते.

ब्राउनिंगच्या मृत्यूनंतर (१९२६) सेव्ह यांनी पूर्णत्वास नेलेल्या १९३५ च्या 'हाय-पॉवर'मध्ये दोन सुधारणा दिसतात. नळी झुकविणारी हलती कडी जाऊन तिच्या जागी नळीच्याच अंगचा तिरकस उतार आला. एक सुटा भाग कमी झाला, कार्य तेच राहिले. ही सुधारणा निर्विवाद होय. दुसरी, मॅगझिन काढल्यावर चाप निष्फळ करणारी योजना. हेतू स्तुत्य, परंतु तिच्या घर्षणाने चाप जड झाला, आणि तिच्या सवयीचा मनुष्य अशी योजना नसलेले पिस्तूलही तसेच निर्धोक समजण्याचा संभव उरला. याच पिस्तुलाच्या इशापूर येथे तयार झालेल्या भारतीय आवृत्तीच्या नावात तर केवळ 'ऑटो' आहे!

याउलट जर्मन सैन्याच्या १९०८ च्या लुगर पिस्तुलातील तोड पाहावी. काडतूस आत असताना पुंगळी ओढणारा आकडा किंचित वर उचलला जातो आणि त्याच्या कडेवर कोरलेला 'गेलाडेन', म्हणजे 'भरलेले', हा शब्द उघडा पडतो. जर्मन न जाणणाऱ्यास शब्द कळणार नाही, पण तो उंचवटा अंधारातही बोटाला कळतो. चापावर भार नाही, आणि माणसाच्या समजुतीवरही विसंबणे नाही. येथे शब्द यंत्राचाच एक अवयव झाला आहे.

स्वतःची स्थिती खरी सांगणारे यंत्र हीच श्रेष्ठ सुधारणा, असे आमचे मत आहे. परिभाषेलाही हीच कसोटी लावावी.