टर्बोचार्जरच्या चित्रात न दिसणारी नळी

टर्बोचार्जरची ओळख करून देणारे लेख आणि विज्ञान प्रदर्शनांतील तक्ते बहुधा एकाच साच्याचे असतात. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू टर्बाइन फिरवतो, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात पाठवतो आणि शक्ती वाढते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंट घेतलेल्या कल्पनेचे हे वर्णन चूक नाही. पण कॉम्प्रेसरकडे हवा आणणारी नळी त्यात एका बाणात उरकलेली असते. विद्यार्थी मग समजतो, की नळी जितकी रुंद तितकी चांगली.

हा समज तपासण्यासाठी फळ्यावर एक गणित करावे. ५० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला १,२०,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २,००० फेरे होतात आणि परिघाचा वेग सेकंदाला सुमारे ३१४ मीटर येतो. हवेतील ध्वनीच्या वेगाच्या हा अगदी जवळ आहे. आता गाडी चढावर आहे, इंजिन सावकाश फिरते आहे आणि चालकाने ॲक्सिलरेटर दाबला आहे. दाब भरपूर हवा, पण इंजिन हवा घेते थोडी. पात्यांचा वेग मोठा आणि येणाऱ्या हवेचा लहान, म्हणून हवा पात्यांवर फार तिरकी येते आणि त्यांना धरून वाहण्याऐवजी सुटते. दाबलेली, तापलेली हवा पात्यांच्या टोकांजवळून, भिंतीलगत, चाकाच्याच दिशेने गरगरत नळीत उलटी शिरते. प्रवाह आणखी घटला तर सगळी हवाच मागेपुढे हेलकावू लागते. अभियंते याला ‘सर्ज’ म्हणतात. त्याचे हिसके बेअरिंगला सोसावे लागतात.

म्हणजे बाण दोन्ही दिशांना काढायला हवा! एकदा तो काढला, की नळीचा आकार का महत्त्वाचा हे कळते. चाकाच्या अगदी अलीकडे नळी थोडी निमुळती केली, तर उलट येणाऱ्या हवेला भिंतीलगत मोकळी जागा उरत नाही आणि सर्ज लांबवता येतो. मात्र इंजिन जोरात चालू लागले, की तोच गळा हवा अडवतो. चाकाच्या तोंडाशीच काटकोनी वळण असेल, तर हवा एका बाजूने वेगाने आणि दुसऱ्या बाजूने मंद येते, आणि प्रत्येक पात्याला एका फेऱ्यात दोन्ही सोसावे लागते. बॉनेटखाली सगळे बसवून झाल्यावर उरलेल्या फटीतून नळी नेण्याची पद्धत मला म्हणूनच खटकते.

यावर १९८० च्या दशकापासून वापरात असलेला एक उपाय खरोखर चतुर आहे. पात्यांच्या सुरुवातीच्या कडेपासून किंचित पुढे, कवचात गोल खाच ठेवतात आणि ती मागे नळीला जोडतात. प्रवाह कमी असताना जास्तीची हवा खाचेतून नळीत परतते. प्रवाह जास्त असताना त्याच खाचेतून अधिक हवा आत येते. हलणारा भाग एकही नाही. परंतु या उपायाची तारीफ करणारे लेखक सर्जची रेषा किती सरकली एवढेच सांगतात. परतलेली हवा पुन्हा दाबावी लागते, त्यात ऊर्जा जाते, हे क्वचितच येते. आवाजाचे तर नावच नसते. चाकाला ६ मुख्य पाती असतील, तर वरच्या गणिताने १२,००० हर्ट्झचा सूर निघतो, जो तरुण कानाला स्पष्ट ऐकू येतो. खाच म्हणजे त्या सुराला बाहेर पडायला आयती वाट. मग ती झाकायला नळीत आडोसे बसवतात, आणि त्यांचा परिणाम पुन्हा प्रवाहावर होतो. सर्जच्या अलीकडे ‘हुश्श’ असा पसरट आवाजही येतो. त्यात सुटलेल्या प्रवाहाचा मोठा वाटा असतो. स्थैर्य आणि आवाज ही दोन वेगळी प्रकरणे मानणारे विवेचन मला म्हणूनच अपुरे वाटते.

हुशार विद्यार्थी विचारेल, तोंड गरजेप्रमाणे अरुंद-रुंद का करू नये? तशा रचना झाल्या आहेत. पण तेथे हलणारे भाग सेकंदाला २,००० फेरे घेणाऱ्या चाकाच्या अगदी समोर असतात, आणि एखादा तुकडा सुटलाच, तर तो थेट पात्यांवर जातो.