रेन अँड मार्टिन : रूपावर न भुलणारे व्याकरण

‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ हे पूर्ण नाव क्वचितच कुणी घेते. विद्यार्थ्यांपासून स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांपर्यंत सगळे त्याला ओळखतात ते ‘रेन अँड मार्टिन’ म्हणून. हे पुस्तक १९३० च्या दशकातले. दोन लेखकांपैकी पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि फ्रेंच फॉरिन लीजनवरची त्यांची ‘बो जेस्ट’ (१९२४) ही कादंबरी गाजली होती. तिच्यातला थरार इथे नाही. पण शब्दाची जात त्याच्या कामावरून ठरते, ही जाण इथे पक्की आहे.

एकच शब्द वेगवेगळ्या शब्दजातींत कसा वावरतो, यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. तीच नजर फ्रेज आणि क्लॉज यांच्याकडे वळते. फ्रेजला अर्थ असतो, पण तिच्यात कर्ता-क्रियापदाची जोडी नसते. क्लॉजमध्ये ती असते. मात्र दोघेही नाम, विशेषण किंवा क्रियाविशेषण यांची कामे करतात. ‘व्हेअर शी लिव्ज’ हाच तुकडा घ्या. ‘आय नो व्हेअर शी लिव्ज’ यात तो कर्म होऊन नामाच्या जागी बसतो. ‘द लेन व्हेअर शी लिव्ज इज नॅरो’ यात गल्लीचे विशेषण होतो. ‘नो बस गोज व्हेअर शी लिव्ज’ यात बस कुठे जात नाही ते सांगतो. अक्षरही बदलले नाही, पण भूमिका तीन झाल्या. मराठी विद्यार्थी अडखळतो तो बहुधा मधल्या वाक्यात. ‘ज्या गल्लीत ती राहते, ती गल्ली अरुंद आहे’ असे आपण आधी सांगून टाकतो. इंग्रजीत हे उपवाक्य नामानंतर येऊन क्रियापदाची वाट अडवते.

गोंधळात टाकणाऱ्या जोड्यांतही हेच बारीक लक्ष दिसते. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ कुणीच नाही. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे का होईना, आहेत. ‘द फ्यू’ म्हणजे थोडेच, पण असतील तेवढे सगळे. ‘फ्यू गेस्ट्स केम’ म्हणणारा यजमान खट्टू आहे, ‘अ फ्यू’ म्हणणारा समाधानी. ज्या भाषेत आर्टिकल नाही, तिच्यात वाढलेल्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

सर्वांत रसाळ भाग सिंथेसिसचा. पाऊस थांबला, मुले बाहेर पडली, या दोन साध्या वाक्यांचे एक करायचे. ‘द रेन हॅविंग स्टॉप्ड’ अशी फ्रेज चालते, ‘व्हेन द रेन स्टॉप्ड’ असा क्लॉजही चालतो. पहिली रचना ग्रंथांत शोभते, दुसरी बोलण्यात. इथे व्याकरण चूक-बरोबर सांगून थांबत नाही. निवड करायला शिकवते.

पुस्तकाला मर्यादा आहेत. वाक्ये संदर्भाविना येतात; कोण कुणाशी बोलतो आहे, हे कळत नाही. ‘शॅल’ आणि ‘विल’ यांचे जुने नियम आज बोलण्यात फारसे कुणी पाळत नाही. नुसत्या या पुस्तकावर इंग्रजी बोलता येणार नाही. त्यासाठी कान तयार करावा लागेल. पण वाक्य उघडून आतली यंत्रणा पाहायची असेल, तर याच्याइतका शिस्तीचा सोबती विरळा. म्हणून परीक्षेपुरत्या व्याख्या पाठ करू नका. सिंथेसिसचा एकेक प्रश्न दोन-तीन तऱ्हांनी सोडवा आणि कोणते वाक्य कुठे शोभेल ते स्वतः ठरवा.