वामन आणि प्रज्ञान

पाडव्याला बळीचे राज्य मागणाऱ्या आम्हां बुलढाण्याकडच्या खेडुतांना वामनाचे नाव फारसे गोड लागत नाही. जयंत नारळीकरांनी आपल्या यंत्रमानवास हेच नाव दिले, यात अर्धी कादंबरी आली असे मी समजतो. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा ‘वामन परत न आला’ मी पुन्हा वाचावयास काढली आणि सहामाहीनंतर वर्गातही वाचून दाखविली.

प्रयोगासाठी जमीन खणताना एक प्राचीन पेटी सापडते, तीतल्या ज्ञानावरून यंत्रमानव घडतो आणि तो आपल्यासारखेच आणखी घडविण्याची विद्या मागू लागतो. येथवर लेखकाची पकड विलक्षण! संकट आरडाओरडा करीत येत नाही; एका साध्या मागणीतून येते, पुराणातल्या तीन पावलांसारखे. माझी तक्रार आहे ती माणसांविषयी. ती मुद्दे फार चांगले मांडतात, पण त्यांच्या घरचा चहा उकळताना ऐकू येत नाही.

आणि खरा यंत्रमानव मात्र वामनाहूनही ठेंगणा निघाला. २०१९ साली पहिला विक्रम चंद्रावर उतरताना कोसळला. दुसरा २३ ऑगस्ट २०२३ रोजी सुखरूप टेकला. हुकूम जाऊन उत्तर यावयास अडीच सेकंद लागतात, म्हणून शेवटची सुमारे १९ मिनिटे उंची, वेग, खालचे खड्डे सारे यंत्रानेच पाहावयाचे व ठरवावयाचे. मग बाहेर आला प्रज्ञान. सहा चाके, वजन २६ किलो, चाल सेकंदाला एक सेंटिमीटर. वाटेत चार मीटरांचा खड्डा आडवा आला, तेव्हा मागे फिरण्याचा हुकूम पृथ्वीवरून गेला. ज्याच्या जिल्ह्यात १.८ किलोमीटर रुंदीचे लोणार आहे, त्याला या खड्ड्याचे हसू यावे; मला आले नाही. कसाबसा शंभर मीटर चालून, मातीत गंधक असल्याचे कळवून, सप्टेंबरात चांद्ररात्रीच्या तोंडाशी तो निजविला गेला. तो पुन्हा उठला नाही.

“सर, त्याला थंडी वाजली असेल का?” एका मुलाने विचारले. कादंबरीभर वामनाविषयी असा प्रश्न कोणासही पडत नाही. यंत्राचे भय आमच्या विज्ञानकथेने पुष्कळ रंगविले. त्याचा एकटेपणा तसाच राहिला. नारळीकरांसारखा जाणता लेखकही त्या उंबरठ्यावरून परतला, याचे वाईट वाटते.

पुस्तक त्या मुलाने घरी नेले आहे. सुटी संपेपर्यंत ते परत येईलसे दिसत नाही.