‘सिस्टर’ ही हाक : शिकाऊ परिचारिकांच्या घडणीविषयी

परिचर्येची विद्यार्थिनी रुग्णालयातील प्रत्यक्ष कामात परिचारिका कशी बनते, या प्रश्नाचा विचार कॅथ मेलिया यांनी स्कॉटलंडमधील विद्यार्थिनींच्या मुलाखतींवर आधारलेल्या ग्रंथात (1987) केला आहे. शाळेतील परिचर्या वेगळी आणि वॉर्डातील वेगळी. विद्यार्थिनी प्रथम शिकते ती वॉर्डात सामावून जाण्याची कला, हे त्यांचे प्रतिपादन आपल्याकडेही बव्हंशी लागू पडेल. मात्र हे सामावणे ज्या संबोधनांतून घडते, त्यांचा उलगडा त्या सामग्रीतून होऊ शकत नाही.

ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत नात्यांचे शब्द हुद्द्यांप्रमाणे वाटले गेले आहेत. आया ती ‘मावशी’, वॉर्डबॉय तो ‘मामा’. परिचारिकेचेही नातेच, पण इंग्रजीतले : ‘सिस्टर’, पुरुष असल्यास ‘ब्रदर’. (डॉक्टरांना मात्र कोणी काका म्हणत नाही.) ख्रिस्ती सेवाव्रती स्त्रियांकडून आलेला ‘सिस्टर’ हा शब्द मराठीत केवळ पदवाचक उरला आहे. शासनाने ‘अधिपरिचारिका’, ‘परिसेविका’, ‘अधिसेविका’ ही पदनामे दिली. ती कागदोपत्री नांदतात, हाक मारण्याच्या उपयोगी नाहीत. आगरी म्हातारीने पहिल्या वर्षाच्या मुलीला ‘बाय’ म्हटले, तर त्यात माया असते, पद नसते. कोणी चुकून ‘मावशी’ म्हटले, तर ती दुखावते. आणि या दुखावण्यात आयांच्या कामाविषयीची तुच्छता आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. उलट ‘सिस्टर, सलाईन संपलं’ अशी हाक आली, की सलाईनला हात लावण्याची परवानगी नसलेल्या मुलीलाही परिचारिका म्हणूनच वळून पाहावे लागते. ओळख अंगी मुरण्यापूर्वीच ती बाहेरून येऊन पडते.

याहून सूक्ष्म खूण सर्वनामांची. मराठी ‘आपण’मध्ये ऐकणारा येतो, ‘आम्ही’मध्ये येत नाही, इंग्रजीत हा भेद नाही. ‘आपण आता इंजेक्शन घेऊ या’ असे ती म्हणते, तेव्हा सुई एकालाच टोचायची असते. आज्ञेला तेथे सोबतीचे रूप मिळते. नातेवाइकांना अडवताना मात्र नवखी मुलगी कर्ता गाळते : ‘आत सोडत नाहीत.’ त्याचे ‘आम्ही आत सोडत नाही’ केव्हा होते, हे पाहिले पाहिजे. ‘परिचारिका असल्याचा अभिमान वाटतो का?’ असे प्रश्नावलीत विचारून हा क्षण हाती लागणार नाही. त्यासाठी वॉर्डात बसून ऐकावे लागेल; तेही रात्रपाळीला, जेव्हा वरिष्ठ थोड्या असतात आणि हाकेला ओ देण्याची पाळी शिकाऊ मुलीवरच येते.